ड्रॅगनचा ताळेबंद : डंजन्स अँड ड्रॅगन्समधलं जीवशास्त्र

परदेशात वाढणारी आपली मुलं मिडल स्कूलमध्ये पोचली की बऱ्याच घरांत एक नवा खेळ शिरतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. समोर पट नसतो, सोंगट्या असल्या तर थोड्याच, आणि वीस बाजूंचे, बारा बाजूंचे चित्रविचित्र फासे असतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि फासे टाकून पुढे काय झालं ते ठरवतात. हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, मुलांच्या भाषेत ‘डी अँड डी’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत पहिल्यांदा प्रसिद्ध केला. पुढे निघालेल्या असंख्य काँप्युटर गेम्सनी याच खेळाकडून उसनवारी केली आहे.

आज या खेळातल्या ड्रॅगनबद्दल बोलू. हा लेख विज्ञानाचाच आहे, काळजी नसावी. या खेळातला ड्रॅगन नुसता गोष्टीतला राक्षस नाही. त्याला वजन आहे, वय आहे, उडण्याचा वेग आहे. तो किती लांब आग ओकतो आणि किती वेळाने पुन्हा ओकू शकतो हेही पुस्तकात आकड्यांत दिलेलं आहे. आकडे दिले की हिशोब करता येतो, आणि हिशोब करता आला की एक प्रश्न विचारता येतो: असा प्राणी खरंच असता, तर त्याला काय काय परवडलं असतं?

ओळखपरेड

सुरुवातीला या प्राण्यांची ओळख करून घेऊ. या खेळात ड्रॅगनची दोन मोठी घराणी आहेत. पहिलं रंगांचं: पांढरा, काळा, हिरवा, निळा आणि लाल. दुसरं धातूंचं: पितळी, ब्राँझ, तांब्याचा, चांदीचा आणि सोन्याचा. रंगवाले दुष्ट आणि धातूवाले सज्जन, अशी मूळची वाटणी आहे.

प्रत्येकाच्या तोंडातून काय बाहेर पडतं ते त्याच्या रंगावर ठरतं. लाल ड्रॅगन आग ओकतो. पांढरा गोठवणारी थंडी सोडतो. काळा आम्लाची पिचकारी मारतो. हिरवा विषारी वायू सोडतो, आणि निळ्याच्या तोंडातून वीज पडते. खेळाच्या पुस्तकात याला जे नाव आहे त्यासाठी आपण ‘श्वासास्त्र’ असा शब्द वापरू. धातूवाल्यांकडे दोन-दोन श्वासास्त्रं असतात. सोन्याचा ड्रॅगन आगीखेरीज अंगातली शक्ती काढून घेणारा वायू सोडतो, पितळी झोपवणारा, तांब्याचा हालचाल मंद करणारा आणि चांदीचा लुळं पाडणारा.

वयाबरोबर ड्रॅगन वाढतच जातो. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत पाच वर्षांपर्यंतचं पिल्लू, शंभर वर्षांपर्यंत तरुण, आठशेपर्यंत प्रौढ आणि त्यापुढे प्राचीन अशा चार अवस्था आहेत. शिवाय डोळे न वापरता आसपासचं जाणण्याची शक्ती, अंधारात बघण्याची शक्ती, आणि नुसत्या दर्शनाने समोरच्याची गाळण उडवण्याची शक्ती आहेच.

यांची नावं आणि रूपं जगभरातून गोळा केलेली आहेत. रंगवाल्यांची पाच डोक्यांची राणी तियामत. हे नाव बाबिलोनच्या सृष्टिकथेतल्या आदिसागराच्या देवीचं. धातूवाल्यांचा राजा बहामुत. हे नाव अरबी विश्वकथेतल्या, पृथ्वीचा भार पेलणाऱ्या महाकाय माशाचं. आग ओकणं आणि सोन्याच्या ढिगावर झोपणं युरोपातून आलं. चीनच्या ड्रॅगनचा संबंध मात्र आगीपेक्षा पावसापाण्याशी आहे. आपल्याकडे पाणी अडवून बसलेल्या वृत्राला इंद्राने मारलं ती कथाही याच जातकुळीतली.

आता हिशोबाकडे वळू. त्यासाठी एक नमुना घेऊ: प्रौढ लाल ड्रॅगन.

पाय चार की सहा?

सगळ्यात आधी सांगाडा. या खेळातल्या ड्रॅगनला चार पाय आणि दोन पंख असतात, म्हणजे एकूण सहा अवयव. पृथ्वीवरच्या पाठीचा कणा असलेल्या एकाही प्राण्याला पायांच्या किंवा हातांच्या तीन जोड्या नाहीत. बेडूक, पाल, चिमणी, वटवाघूळ, माणूस, सगळ्यांचा आराखडा चार अवयवांचा. चिमणीचे आणि वटवाघळाचे पंख म्हणजे त्यांचे पुढचे पायच आहेत. पंख हवे असतील तर हात द्यावे लागतात, हा सौदा उत्क्रांतीने प्रत्येक वेळी केला. (दोन पाय आणि दोन पंखांचा वायव्हर्न या खेळात वेगळा प्राणी म्हणून आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो जास्त शहाणा.)

पण यातून एक पळवाट आहे, आणि ती आपल्या सह्याद्रीत दिसते. गोव्यापासून केरळपर्यंतच्या जंगलांत उडता सरडा राहतो. त्याच्या प्रजातीगटाचं शास्त्रीय नावच ‘ड्राको’ आहे. त्याला चार पाय आहेत आणि शिवाय पंखही आहेत. हे पंख पायांपासून बनलेले नाहीत. त्याच्या काही बरगड्या लांब होऊन शरीराबाहेर आल्या आहेत आणि त्यांच्यावर कातडीचा पडदा ताणलेला आहे. छत्री उघडावी तसा तो हा पडदा उघडतो आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. त्याला पंख फडफडवता येत नाहीत, पण सहा अवयवांची अडचण तर सुटली. तेव्हा ड्रॅगनचे पंख बरगड्यांचे आहेत असं मानू आणि पुढे जाऊ.

वजन: खेळालाही माहीत असलेला नियम

तिसऱ्या आवृत्तीत (२०००) प्राण्यांच्या आकारांचा एक तक्ता आहे. आकाराची एक पायरी वर गेलं की लांबी दुप्पट होते. ‘प्रचंड’ गटातला प्राणी १६ ते ३२ फूट, त्याच्या वरच्या गटातला ३२ ते ६४ फूट. आता वजन बघा. ‘प्रचंड’ गटाचं वजन २ ते १६ टन, त्याच्या वरच्या गटाचं १६ ते १२५ टन. म्हणजे लांबी दुप्पट झाली की वजन आठपट.

हा आकडा खेळ बनवणाऱ्यांनी मनाने घातलेला नाही. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला होता. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की तिचं पृष्ठफळ चौपट होतं आणि घनफळ आठपट. वजन घनफळाबरोबर वाढतं. पण हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते, म्हणजे चौपटच. म्हणून हत्तीचे पाय हरणाच्या पायांसारखे सडपातळ नसतात, खांबासारखे असतात.

उडणाऱ्या प्राण्याला हा नियम जास्तच जाचतो. त्याचा भार पंख पेलतात आणि पंखांचं काम क्षेत्रफळावर चालतं. लांबी दुप्पट झाली की दर चौरस मीटर पंखावर दुप्पट भार येतो. तो पेलायचा तर जास्त वेगाने उडावं लागतं, नेमकं सांगायचं तर १.४ पट.

आपला प्रौढ लाल ड्रॅगन ‘प्रचंड’ गटातला आहे. त्याचं वजन मधलं, ८ टन धरू. म्हणजे मोठ्या हत्तीहून थोडं जास्त. पंखांचा पसारा १८ मीटर आणि एकूण क्षेत्रफळ १०० चौरस मीटर असं उदार मनाने मान्य करू. विमानांना लावतात तेच उचल-बलाचं साधं सूत्र लावलं, तर हवेत टिकून राहायला त्याला ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग लागतो. त्याहून हळू गेला की तो खाली येणार.

खेळातला त्याचा वेग किती? एका फेरीत ८० फूट. एक फेरी ६ सेकंदांची असते. म्हणजे ताशी साधारण १५ किलोमीटर! सगळा जोर लावून पळाला तर ३०. रस्त्यावरचा सायकलवाला त्याच्या पुढे जाईल. ८ टनांचं धूड सायकलच्या वेगाने आकाशात तरंगतंय, आणि त्याला धावपट्टीही लागत नाही. इथे खेळाने भौतिकशास्त्राकडून पहिलं कर्ज घेतलं.

खऱ्या जगात उडणाऱ्या प्राण्यांची मर्यादा कुठे आहे? आज उडणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांत आपला माळढोक येतो. एके काळी सोलापूर, नगरच्या माळरानांवर दिसणारा हा पक्षी आज महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला आहे. मोठा नर १५ किलोपर्यंत भरतो. त्याच्या आफ्रिकेतल्या आणि युरोपातल्या भाऊबंदांची मजलही १८-२० किलोच्या आसपास संपते. लुप्त झालेल्या प्राण्यांत क्वेट्झलकोॲटलस हा उडता सरीसृप सगळ्यांत मोठ्यांपैकी एक. त्याचे जीवाश्म १९७१ साली टेक्ससमध्ये सापडले. पंखांचा पसारा १० मीटरच्या आसपास, म्हणजे छोट्या विमानाएवढा, आणि वजनाचा अंदाज २०० ते २५० किलो. पोकळ हाडं आणि चारही पायांनी उडी मारून हवेत झेपावण्याची युक्ती, एवढं सगळं पणाला लावून निसर्ग पाव टनापर्यंत पोचला. आपला लाल ड्रॅगन त्याच्या तीसपटींहून जड आहे.

आगीचा खर्च

आता मुख्य अस्त्र. प्रौढ लाल ड्रॅगनची आग शंकूच्या आकारात ६० फूट लांब जाते आणि टोकाला तेवढीच रुंद होते. मीटरमध्ये सांगायचं तर १८ मीटर. या शंकूचं घनफळ येतं सुमारे १,६०० घनमीटर.

ड्रॅगनच्या पोटात मिथेन साठतो आणि तो पेटतो, असं स्पष्टीकरण मुलं नेहमी देतात. ते वाईट नाही. गाई-म्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव मिथेन बनवतातच. मग तेच धरू. हवेतला मिथेन नीट जळायला त्याचं प्रमाण साधारण साडेनऊ टक्के लागतं. १,६०० घनमीटरचा शंकू पूर्ण आगीने भरायचा तर सुमारे १५० घनमीटर, म्हणजे १०० किलो मिथेन हवा. एक गाय वर्षभरात ढेकरांतून साधारण ७० ते १२० किलो मिथेन सोडते. म्हणजे ड्रॅगनचा एक फूत्कार म्हणजे एका गाईचं अख्खं वर्ष.

ड्रॅगन गाईहून मोठा आहे हे मान्य. ८ टनांत १६ गाई बसतात. त्याचं पोट गाईच्याच पद्धतीने चालत असेल तर तीन आठवड्यांत एका फूत्काराची बेगमी होईल. पण मग साठवायचं कुठे? ८ टनांच्या प्राण्याचं स्वतःचं घनफळच ८ घनमीटर. वायू त्याच्या १९ पट. तो भरला तर ड्रॅगनचा फुगा होईल, आणि दाबून भरला तर पोटाच्या जागी लोखंडी सिलिंडर लागेल. त्यापेक्षा तेलासारखं द्रव इंधन परवडतं. चरबीच्या रूपात तेवढीच ऊर्जा १३५ किलोत मावते. तेव्हा ड्रॅगन गॅसवर न चालता तेलावर चालत असावा.

किती ऊर्जा आहे ही? सुमारे ५ अब्ज ज्यूल, म्हणजे तीन मोटारगाड्यांच्या भरलेल्या टाक्यांइतकी. अन्नाच्या भाषेत १२ लाख किलोकॅलरी. एका माणसाला दीड वर्षाहून जास्त पुरेल एवढं जेवण ड्रॅगन एका श्वासात जाळून टाकतो. ८ टनांच्या उष्ण रक्ताच्या सस्तन प्राण्याला नुसतं जिवंत राहायला दिवसाला साधारण ६० हजार किलोकॅलरी लागतील. म्हणजे एका फूत्कारात त्याची वीस दिवसांची कमाई जाते.

आता खेळाचा नियम बघा. पाचव्या आवृत्तीत ड्रॅगनने एकदा आग ओकली की पुढच्या प्रत्येक पाळीला साधा सहा बाजूंचा फासा टाकायचा. ५ किंवा ६ पडले की अस्त्र पुन्हा तयार. तीनात एक शक्यता, म्हणजे सरासरी तीन पाळ्या, म्हणजे १८ सेकंद. दर १८ सेकंदांना ५ अब्ज ज्यूल या हिशोबाने ड्रॅगनची शक्ती येते सुमारे २८० मेगावॉट. कोयनेच्या संपूर्ण जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. सात लाल ड्रॅगन ओळीने उभे केले की कोयना झाली.

गंमत म्हणजे १९७७ सालच्या जुन्या पुस्तकात नियम वेगळा होता: ड्रॅगन दिवसातून फक्त तीनदा श्वासास्त्र वापरू शकतो. शिवाय प्रत्येक जातीचा ड्रॅगन झोपलेला सापडण्याची शक्यता टक्क्यांत दिली होती. तीनदा म्हणजेही आपल्या हिशोबाने उधळपट्टीच, पण दिशा बरोबर होती. एवढ्या खर्चाचं अस्त्र बाळगणारा प्राणी उरलेला वेळ झोपूनच काढणार. अजगर एकदा मोठं भक्ष्य गिळला की आठवडेच्या आठवडे पडून राहतो, तेही याच काटकसरीने.

पेटवायचं कसं हा प्रश्न त्यामानाने सोपा. बॉम्बार्डियर नावाचा भुंगेरा पोटात दोन वेगवेगळी रसायनं बाळगतो: हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. शत्रू आला की तो ती जाड अस्तराच्या एका कप्प्यात सोडतो. तिथली विकरं दोन्हींची झटापट घडवून आणतात आणि १०० अंश सेल्सिअसला पोचलेला फवारा शेकडो छोट्या स्फोटांच्या मालिकेतून बाहेर पडतो. भुंगेरा स्वतः भाजत नाही, कारण त्या कप्प्याचं जाड अस्तर त्याला वाचवतं. ज्योत तेवढी नाही, बाकी सगळी यंत्रणा तयार आहे. मात्र भुंगेरा दोन सेंटीमीटरांचा आहे आणि त्याचा फवारा काही सेंटीमीटर जातो. कल्पना परवडते, मोजमाप परवडत नाही.

बाकीची श्वासास्त्रं

काळ्या ड्रॅगनचं आम्ल. हे सगळ्यात शक्य कोटीतलं. आपल्याही जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. व्हिनेगरून नावाचा विंचवासारखा दिसणारा प्राणी शेपटीच्या बुडातून ८० टक्क्यांहून तीव्र ॲसेटिक आम्ल फवारतो. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये ते पाच टक्क्यांच्या आसपास असतं. त्याच्या फवाऱ्यात थोडं कॅप्रिलिक आम्लही असतं, ज्यामुळे फवारा शत्रूच्या कवचात मुरतो. अडचण फक्त पल्ल्याची: थुंकणारा नाग दोन मीटरच्या आसपास विष फेकतो, काळ्या ड्रॅगनला १८ मीटर हवेत.

हिरव्याचा विषारी वायू. जुन्या पुस्तकात हा चक्क क्लोरीन होता. क्लोरीन हिरवट पिवळा असतो आणि हवेपेक्षा अडीचपट जड. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने तो मोठ्या प्रमाणावर वापरला तेव्हा तो जमिनीलगत सरकत खंदकांत उतरला. वारा न लागणाऱ्या घनदाट जंगलात राहणाऱ्या ड्रॅगनला असाच वायू सोयीचा. आणि क्लोरीनचं रसायन शरीराला परकं नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हायपोक्लोरस आम्ल बनवतात. घरातल्या ब्लीचमध्ये काम करणारा पदार्थ तोच.

निळ्याची वीज. दक्षिण अमेरिकेतला विद्युत ईल ८६० व्होल्टपर्यंत झटका देतो. त्याच्या अंगात चपट्या पेशींच्या चळती असतात. प्रत्येक पेशी साधारण ०.१५ व्होल्टची, आणि एका चळतीत अशा हजारो. टॉर्चमध्ये सेल एकामागे एक लावतो तसंच. पण ईल पाण्यात राहतो, आणि पाण्यातून वीज वाहते. कोरड्या हवेतून ठिणगी पाडायला सेंटीमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट लागतात. निळ्या ड्रॅगनची वीज ९० फूट, म्हणजे २७ मीटर जाते. हिशोब येतो ८ कोटी व्होल्ट, त्यासाठी ५५ कोटी पेशी एका रांगेत. ठिणगी लांब असेल तर एवढा दाब सगळीकडे लागत नाही. पण दहावा हिस्सा धरला तरी साडेपाच कोटी पेशी होतात. त्यात या ड्रॅगनचं घर वाळवंटात. विजेचा प्राणी कोरड्या हवेत ठेवणं म्हणजे माशाला सायकल देण्यासारखं.

पांढऱ्याची थंडी. हे दिसायला सोपं आणि खरं तर सगळ्यात अवघड. आकडा छोटा आहे: त्याच ६० फुटी शंकूतली सुमारे १,९०० किलो हवा ६० अंशांनी थंड करायला आगीच्या चाळिसाव्या हिस्स्याएवढीच ऊर्जा हलवावी लागते. पण ‘थंडी’ नावाची वस्तू नसते, ती फेकता येत नाही. उष्णता काढून घेता येते, आणि काढलेली उष्णता कुठेतरी टाकावी लागते. फ्रीजच्या मागची जाळी गरम असते ती यामुळेच. म्हणजे पांढऱ्या ड्रॅगनला आधी कधीतरी उष्णता बाहेर टाकून एखादा द्रव अतिथंड करून ठेवावा लागेल, आणि तो पोटात असताना स्वतः गोठायचं नाही. थंडीचं अस्त्र वापरणारा एकही प्राणी ज्ञात नाही. ड्रॅगनने बर्फाळ प्रदेशात राहावं हे मात्र शहाणपणाचं, कारण नको असलेली उष्णता टाकायला तिथे जागा भरपूर.

शक्ती काढून घेणारा वायू. सोन्याच्या ड्रॅगनचं हे दुसरं अस्त्र ऐकायला सगळ्यात जादुई वाटतं. पण समुद्रात एक शंखातली गोगलगाय आहे, कोनस जिओग्राफस. ती आसपासच्या पाण्यात इन्सुलिन सोडते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्याने माशांच्या रक्तातली साखर घसरते, ते मलूल होतात आणि गोगलगाय त्यांना सावकाश गिळते. मधुमेही माणसाला साखर उतरल्यावर जे होतं, तेच ती शस्त्र म्हणून वापरते.

डोळ्यांशिवाय जाणणं. वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवर हे करतात. कोकणात सापडणाऱ्या हिरव्या चापडा सापाला डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये उष्णता ओळखणारा खळगा असतो. काळोखात उंदराची ऊब त्याला ‘दिसते’.

आठशे वर्षांचं आयुष्य. ग्रीनलँड शार्कच्या डोळ्यांतल्या भिंगांवरून २०१६ साली काढलेल्या अंदाजात सगळ्यात मोठ्या मादीचं वय सुमारे ३९२ वर्षं आलं, शंभराहून जास्त वर्षांचा फरक इकडेतिकडे धरून. हा मासा थंड पाण्यात अत्यंत संथ जगतो. आठशे वर्षं जगायचं तर ड्रॅगनलाही तसंच संथ राहावं लागेल. पण संथ जगणं आणि दर १८ सेकंदांना आग ओकणं एका देहात नांदत नाही.

रंगावरून स्वभाव?

रंगावरून धोका ओळखणं निसर्गात चालतं. भडक रंगाचे विषारी बेडूक ‘मला खाऊ नका’ असं रंगाने सांगतात. पण रंग सांगतो ते रसायन, चारित्र्य नाही. विष असलेला बेडूक दुष्ट नसतो. लाल तेवढे सगळे क्रूर आणि चांदीचे तेवढे सगळे दयाळू, जन्मापासून ठरलेले, ही खेळातली वाटणी विज्ञानाच्या दृष्टीने ८ टनांच्या उड्डाणाहूनही कच्ची आहे. खुद्द खेळानेही ती सैल केली. २००४ साली आलेल्या एबेरॉन या विश्वात ड्रॅगनचा स्वभाव रंगावर ठरत नाही. २०२१ सालच्या ड्रॅगनविषयक पुस्तकातही कुठल्याही रंगाचा ड्रॅगन कसाही निघू शकतो अशी मोकळीक आहे. कातडीच्या रंगावरून आपल्याबद्दल आधीच मत बनवलं जाण्याचा अनुभव परदेशातल्या आपल्या मुलांना कधी ना कधी येतो. खेळातला हा बदल त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

शिल्लक

सगळा ताळेबंद मांडला की एक गोष्ट लक्षात येते. ड्रॅगनची बहुतेक प्रत्येक शक्ती कुणा ना कुणाकडे आहे: फवारा भुंगेऱ्याकडे, वीज ईलकडे, बरगड्यांचे पंख सरड्याकडे, दीर्घायुष्य शार्ककडे. ज्याच्याकडे जे आहे त्याने त्याची किंमत मोजलेली आहे. भुंगेऱ्याने लहान राहून, ईलने पाण्यात राहून, शार्कने संथ राहून, माळढोकाने १५ किलोवर थांबून. ड्रॅगन सगळं एकदम घेतो आणि बिल भरत नाही. ते बिल खेळात ‘जादू’ या खात्यावर टाकलं जातं. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात, २००३ साली, ‘ड्रॅकोनॉमिकॉन’ नावाचं एक पुस्तक निघालं. त्यात ड्रॅगनच्या शरीररचनेचं प्रकरण आहे, आणि हृदयाला जोडलेला एक खास अवयवही दाखवला आहे. श्वासास्त्राची शक्ती तिथून येते म्हणे. पण त्या अवयवाला शक्ती कुठून येते, हा प्रश्न उरतोच.

खेळात हे असायलाच हवं, नाहीतर मजा काय? पण हाच प्रश्न खेळाबाहेर फार उपयोगी पडतो. पाण्यावर चालणारी मोटार, इंधनाशिवाय कायम फिरणारं चाक, बॅटरीविना उजळणारा दिवा, असे व्हिडिओ आपल्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांवर दर महिन्याला येतात. तिथेही कोणीतरी ड्रॅगनच विकत असतो, फक्त ‘जादू’ हा शब्द सोडून. एरवी शक्ती कुठून आली आणि उष्णता कुठे गेली, हे दोनच प्रश्न विचारले की बहुतेकांचा निकाल लागतो.

तुमच्या घरी हा खेळ खेळणारं कोणी असेल तर त्याला एक गणित घाला. प्राचीन लाल ड्रॅगनच्या आगीचा शंकू ९० फुटांचा असतो. लांबी दीडपट झाली, मग इंधन किती पट लागेल? दीडपट, सव्वादोनपट, की त्याहून जास्त? उत्तर कागदावर काढायला पाच मिनिटं पुरतात, फासे टाकायची गरज नाही.